उन्हाचा न मांडलेला जमाखर्च

हवामानबदल म्हटला की महापूर आणि चक्रीवादळे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांत पडलेली घरे मोजता येतात, पंचनामे होतात, मदतीचे आकडे जाहीर होतात. परंतु या बदलाची एक वसुली गाजावाजा न होता, मजुराच्या अंगातून होत असते. तिचा पंचनामा कोणी करीत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली या वसुलीचा अंदाज मांडला. वाढत्या उष्म्यामुळे २०३० पर्यंत भारतातील एकूण कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके श्रम नष्ट होतील, असे तिचे गणित आहे. १९९५ मध्ये हेच प्रमाण ४.३ टक्के होते. याची सर्वाधिक झळ शेती आणि बांधकाम या क्षेत्रांना लागणार, हे उघड आहे.

यामागील कारण साधे आहे. कष्ट करताना शरीरात उष्णता निर्माण होते व घाम वाळण्याबरोबर ती बाहेर पडते. हवा तप्त आणि दमट झाली की घाम वाळत नाही. मग हात मंदावतात. ही शरीराने स्वतःची केलेली राखण असते. मुकादम तिला आळस म्हणतो. अंगावर काम घेणाऱ्या मजुरापुढे मग दोनच वाटा उरतात : मजुरी गमवावी किंवा प्रकृती. कारखान्यातील यंत्राचा घसारा हिशेबनीस न चुकता वजा करतो. माणसाच्या मूत्रपिंडाचा घसारा मात्र कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

हा प्रश्न केवळ मजुरांचा आहे, असे मानणाऱ्यांनी २०२२ आठवावे. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळीच गहू करपला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

उपाय परवडणार नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले. तेव्हा जाग येऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्माकृती आराखडा अमलात आणला. वेळीच इशारे, पिण्याच्या पाण्याची सोय, रुग्णालयांची पूर्वतयारी यांत अवाढव्य खर्चाचे काहीच नव्हते. मृत्यू घटल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले.

तथापि, इशाऱ्याने जीव वाचतो, चूल पेटत नाही. ‘घरी बसा’ असे सांगणाऱ्याने त्या दिवसाच्या मजुरीची जबाबदारीही घेतली पाहिजे. तापमानाने ठरावीक मर्यादा ओलांडताच थेट रक्कम देणारी विमायोजना ‘सेवा’ या संघटनेने असंघटित स्त्री-कामगारांसाठी २०२३ पासून राबवून पाहिली आहे. तिचा विस्तार व्हावा; मात्र हप्त्याचा भार कंत्राटदाराने व शासनाने उचलावा. दुपारची सक्तीची विश्रांती आणि कामाच्या जागी सावली याही अटी कंत्राटांत लिहिल्या जाव्यात.

जगाच्या तापमानवाढीत या मजुराचा वाटा नगण्य आहे. आजवर मात्र तिचे देणे तोच आपल्या देहाने फेडीत आला आहे. ज्यांच्या नावावर हे कर्ज आहे, त्यांच्याकडे आता हिशेब मागितला पाहिजे.