सायकल शिकविणें आणि हात सोडणें

लहान मुलास सायकल शिकविणें ही गोष्ट इतकी क्षुल्लक समजली जाते कीं, तिजविषयीं लेख लिहावयास बसणारा मनुष्य हास्यास पात्र व्हावा. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, आईबाप आपल्या मुलास स्वतःच्या हातांनीं शिकवितात अशा विद्या आतां फारच थोड्या उरल्या आहेत. अक्षरें शाळा शिकविते, पोहणें तलावावरचा शिक्षक शिकवितो, गणितास शिकवणी असते. बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु यांनीं सायकली विकण्यास आरंभ केला तेव्हां मोठमोठ्या गिऱ्हाइकांसही ती चालविण्याचे धडे द्यावे लागत. आज हें काम बहुधा घरचेंच कोणी तरी करतें. म्हणून तें कसें करावें याविषयीं चार शब्द लिहिणें अगदींच व्यर्थ होणार नाहीं.

प्रथम या वाहनाचें मर्म पाहूं. सायकलीचा तोल अंग ताठ धरल्यानें राहत नाहीं. ज्या बाजूस ती कलते त्याच बाजूस हॅन्डल किंचित् वळविलें म्हणजे चाकें भाराखालीं येतात व तोल सांवरतो. घाबरलेलें मूल बहुधा याच्या उलट करतें. उजवीकडे पडूं लागलें कीं हॅन्डल डावीकडे ओढतें. ही गोष्ट तोंडानें सांगून साधत नाहीं; ती शरीरानेंच शिकावी लागते, आणि शिकण्यासाठीं त्यास थोडें कलूं द्यावेंच लागतें. मागील चाकाच्या दोहों बाजूंस आधाराचीं लहान चाकें लावण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस याच कारणानें पसंत नाहीं. त्या चाकांवर मूल पायडल मारावयास शिकतें, पण सायकल कलतच नसल्यामुळें तोलाचा धडा तसाच राहतो, आणि चाकें काढल्या दिवशीं त्यास पुन्हां मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो.

जर्मनींतील कार्ल ड्राइस यानें १८१७ सालीं मानहाइम येथें जें दुचाकी वाहन चालवून दाखविलें, त्यास पायडलें मुळींच नव्हतीं. स्वार जमिनीस पाय रेटीत पुढें जाई. पायडलें कित्येक वर्षांनीं मागाहून आलीं. आधीं तोल आणि मग पायडल, हा जो क्रम इतिहासांत घडला, तोच बालकासही सोपा आहे. यास्तव बैठक इतकी खालीं घ्यावी कीं, दोन्ही तळपाय जमिनीस नीट टेकावे. नंतर पान्यानें दोन्ही पायडलें काढून ठेवावीं. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो हें विसरूं नये; नाहीं तर सोडवितां सोडवितां तें अधिकच घट्ट बसेल. मग मोकळ्या, किंचित् उतरत्या जागीं मुलास पायांनीं ढकलीत फिरूं द्यावें. ब्रेक दाबून थांबणें पहिल्याच दिवशीं शिकवावें आणि नजर चाकाकडे न ठेवितां पुढील वाटेवर ठेवावयास सांगावें. दोन्ही पाय उचलून तें दहा-बारा हात सहज जाऊं लागलें, म्हणजे पायडलें पुन्हां बसवावीं. शिकविणाऱ्यानें हॅन्डल मात्र धरूं नये. धरल्यास तोल तोच सांभाळतो व मूल केवळ बसून राहतें. खांद्यास किंवा काखेखालीं हलका आधार दिला म्हणजे पुरे.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. आपल्याकडे सायकल शिकविण्याची सर्वमान्य युक्ति अशी कीं, मागून धांवत "धरलें आहे हं, भिऊं नकोस" असें म्हणत राहावें आणि गुपचूप हात सोडून द्यावा. ही युक्ति पुष्कळदां यशस्वी होते हें आम्ही नाकारीत नाहीं. भीति गेल्याखेरीज मूल चालवीत नाहीं, आणि खरें सांगितल्यास तें बसणारच नाहीं, असें तिचें समर्थनही ऐकूं येतें. परंतु मूल मागें वळून पाहतें, हात नाहीं असें त्यास दिसतें, आणि तें पडतें. त्या एका क्षणीं तें दोन धडे शिकतें. एक सायकलीचा, आणि दुसरा असा कीं, वडील माणसें "धरलें आहे" म्हणतात तेव्हां तें खरें असेलच असें नाहीं. गुडघ्याची जखम चार दिवसांत भरते. दुसरा धडा मात्र पुढें कधीं तरी, सायकलीहून फार मोठ्या संकटाच्या वेळीं, "आम्ही आहोंत ना" या शब्दांवर विश्वास ठेवण्याचा प्रसंग आला म्हणजे आठवतो. त्यापेक्षां "आतां तीन पावलें सोडतों" असें सांगून तीनच पावलें सोडावीं, उद्यां दहा सोडावीं. चार दिवस अधिक लागतील. पण मुलास आपण स्वतःच्या धैर्यानें गेलों हें समाधान मिळेल.

याचा अर्थ मुलास कठोरपणें वागवावें असा नव्हे. जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें १८८७ सालीं बेलफास्ट येथें हवेची धांव तयार केली, ती आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस बसणारे हादरे कमी व्हावे म्हणून. वाट मऊ करणें हें पालकांचें कामच आहे. मुलाच्या वतीनें तोल सांभाळणें हें मात्र नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. कित्येक घरांत भावास सहाव्या वर्षीं सायकल मिळते आणि बहिणीस "तुला कशाला, पडशील" असें उत्तर मिळतें. तामिळनाडूंतील पुदुकोट्टै जिल्ह्यांत १९९० नंतरच्या साक्षरतेच्या चळवळींत खेड्यांतील हजारों स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारांत २००६ पासून नववींतील मुलींस सायकली देण्याची योजना सुरू झाल्यावर शाळेंत येणाऱ्या मुलींची संख्या वाढली. जी मुलगी स्वतः शाळेपर्यंत जाऊं शकते, तिची शाळा अंतरामुळें सुटत नाहीं. मग पडण्याचें भय मुलीसच तेवढें कां दाखवावें?

आज गल्ल्या मोटारींनीं व फटफट्यांनीं भरल्या आहेत, हें खरें. यास्तव आमची अशी सूचना आहे कीं, सुटीच्या दिवशीं सकाळीं शाळेचें पटांगण तासभर या कामीं खुलें असावें. ज्यांच्या घरीं सायकल नाहीं त्यांजसाठीं ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं ती आणावी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं धाकट्यांस शिकवावें. विद्यार्थिमित्रहो, धाकटें भावंड पडेल तेव्हां हंसूं नका. "धरतों" म्हणाल तेव्हां खरोखरच धरा. आणि पालकांस आमची विनंती इतकीच कीं, हात अवश्य सोडावा, पण सांगून सोडावा.