माणूस नेला, नोंद कुठं आहे?



२ मे १८४८ ला ठाण्याच्या जेलात इंग्रजांनी आपल्या राघोजी भांगरेंना फाशी दिली. दर साली त्या दिवशी आपण देवगावची आठवण काढतो, माथा टेकवतो. पावणेदोनशे वर्षांवर काळ गेला, तरी तारीख माहीत आहे, जेल माहीत आहे. कारण मारणाऱ्यानं ते कागदावर लिहून ठेवलं होतं.

आणि मागच्या हिवाळ्यात केडगावातून उचललेला आपला गडी आठ दिवस कोणत्या भिंतीआड होता, हे आपल्याच राज्यातलं एकही टेबल आम्हाला सांगू शकलं नाही.

झालं ते असं. भात कापून झालं की आपली माणसं पोटामागं खाली उतरतात. ह्या घरातली नवरा-बायको नगरला कांद्याच्या कामाला आली होती. केडगावच्या कडेला ताडपत्रीचं पाल टाकून राहात होती. एका रात्री दोघं साध्या कपड्यातली माणसं आली, "चौकशीला नेतो, सकाळी सोडतो" म्हणाली. मोटारचोरीचा संशय. सकाळ झाली, दुसरी सकाळ झाली. बाईनं वाडीत फोन लावला. वाडीत रेंज खिंडीत गेल्यावर येते, म्हणून निरोप आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाला.

आम्ही केडगावला आलो. एका ठाण्यात सांगितलं, "इथं आणलेलाच नाही." दुसऱ्या ठाण्यात, "तिकडं विचारा." जेलच्या दारात विचारलं तर उलट प्रश्न, "कैदी नंबर काय?" अहो साहेब, नंबर माहीत असता तर माणूस सापडलाच असता की! एका साहेबानं मोबाईल दाखवून सांगितलं, "आता सगळं ऑनलाइन आहे, नाव टाका, दिसंल." आम्ही नाव टाकलं. काही दिसलं नाही.

आठव्या दिवशी कोर्टातल्या एका भल्या माणसानं रिमांडची यादी वाचून दाखवली. त्यात आमच्या गावाचं नाव आलं म्हणून आम्ही थांबलो. माणूस तोच होता. पण आडनावाच्या जागी त्याची जात लिहिली होती, बापाचं नाव चुकलं होतं, वय दहा वर्षांनी वाढलं होतं. अशी नोंद मोबाईलवर जन्मभर शोधली असती तरी सापडली नसती.

पुढचं ऐका. त्याला चौथ्या दिवशीच जामीन मंजूर झाला होता! पंधरा हजार आणि एक जामीनदार. त्याला ते नीट कळलं नाही, घरच्यांना कुणी कळवलं नाही. आम्ही जामीनदार शोधायला निघालो तर मागणी आली, "सातबारा आणा." आमच्या वाडीत एकाच्याही नावावर सातबारा नाही. तीन पिढ्या नाचणी-वरई पिकवतो ती जमीन कागदावर वनखात्याची. वनहक्काचे दावे केलेत, ते पडून आहेत. म्हणजे ज्यानं पट्टा अडवला त्यानं जामीनही अडवला. शेवटी फुकट वकिलानं अर्ज केला तेव्हा तेविसाव्या दिवशी तो जातमुचलक्यावर सुटला. कांद्याचा हंगाम गेला, उचल अंगावर राहिली.

म्हणून आम्ही हे लिहितो. जमिनीची लढाई आणि जेलची लढाई ह्या दोन नाहीत. सातबाऱ्यावर आपलं नाव नाही आणि जेलच्या वहीत आपलं नाव धड नाही, ही एकाच दुखण्याची दोन तोंडं आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. हा कायदा आम्ही केलेला नाही, सरकारनंच केलेला आहे. घटनेच्या २२ व्या कलमात लिहिलंय की अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टानं अटकेचा पंचनामा, तारीख-वेळ, साक्षीदार, नातेवाइकाला खबर, सगळं बांधून दिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३७ आहे. त्यात म्हटलंय की प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, आणि अटक केलेल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ठळक लावायचं. कलम ४८ सांगतं की माणसाला कुठं ठेवलंय ते त्याच्या नातेवाइकाला किंवा तो सांगेल त्या माणसाला ताबडतोब कळवायचं, आणि कुणाला कळवलं ते ठाण्याच्या वहीत लिहायचं. ते झालं का, हे तपासणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे.

मग आम्ही विचारतो, तो फळा कुठं आहे? आम्ही गेलो त्या ठाण्यांच्या भिंतीवर साहेबांची नावं होती, सुविचार होते. अटक केलेल्यांची यादी नव्हती. त्या बाईला कळवल्याची नोंद कोणत्या वहीत आहे? कळवलं असतं तर ती तान्हं लेकरू घेऊन आठ दिवस दारोदार फिरली असती का?

साहेब लोक म्हणतात, "कैद्याची माहिती खाजगी असते, कुणालाही देता येत नाही." वा रे वा! आपली माहिती खाजगी केव्हापासून झाली? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा कायदा केला. त्यात आपल्या पारधी भावांसारख्या कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावली. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत करून माणसं ठेवली. तेव्हा घराघरातल्या माणसाची नोंद होती, आणि ती बरोबर सापडत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा संपला. पण अजून कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालावर जाते. म्हणजे माणसाला धरायला नोंद आहे, पण त्याच्या आईला सांगायला नोंद नाही!

इथं आम्ही एक गोष्ट नीट सांगतो, नाहीतर आमच्या बोलण्याचा उलटा अर्थ निघंल. सगळीच नोंद चव्हाट्यावर आणा असं आम्ही म्हणत नाही. माणूस कुठं आहे, कधी धरला, कोणतं कलम लावलं, पुढची तारीख कोणती, जामीन झाला का, एवढं घरच्यांना आणि वकिलाला मागितल्याबरोबर मिळायला पाहिजे. त्याची जात काय, जमात काय, ह्याची नोंद जेलच्या वहीत कशाला? ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनी केलेल्या खटल्यात निकाल झाला की कच्च्या आणि पक्क्या कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका, आणि जातीवर कामं वाटून देणं बंद करा. आमच्या गड्याचं आडनाव खोडून तिथं जात लिहिणाऱ्याला तो निकाल कुणीतरी वाचून दाखवा.

कुणी म्हणंल, एका माणसाची गोष्ट, एवढा गवगवा कशाला? तर सरकारचाच आकडा घ्या. २०२२ च्या अखेरीला देशाच्या जेलांमध्ये ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे चारातली तीन माणसं अजून गुन्हेगार ठरलेलीच नव्हती. २६ नोव्हेंबर २०२२ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, आपल्याच समाजाच्या बाई, सुप्रीम कोर्टाच्या कार्यक्रमात न्यायाधीशांसमोर ह्याच गरीब कैद्यांविषयी बोलल्या. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ ला कोर्टानं नियम घालून दिले. जामीन झाला की त्याची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेलमार्फत कैद्याला द्यायची. सात दिवसांत सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपण होऊन अट सैल करायचा विचार करायचा. नियम चांगला आहे. आमच्या गड्याला तो कुणी सांगितला नाही, एवढंच.

झारखंडात फादर स्टॅन स्वामी हेच काम करत होते. जेलात सडणाऱ्या आदिवासी पोरांची माहिती त्यांनी गोळा केली, हायकोर्टात अर्ज केला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनाच धरून आपल्या महाराष्ट्रात तळोजा जेलात ठेवलं. ५ जुलै २०२१ ला, ८४ वर्षांचे असताना, ते कच्चे कैदी म्हणूनच मुंबईत दवाखान्यात वारले. कैद्यांची यादी मागणं हे साधं काम नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकट्यानं मागू नये, गावानं मागावं.

आता घरातलं बोलू. दोष फक्त सरकारचा नाही. आपल्या वाडीतला माणूस धरला की आपणही म्हणतो, "काहीतरी केलं असंल, त्याशिवाय नेतील का?" पारध्याचा माणूस असला तर आपल्यातले कितीतरी तोंड फिरवतात. हे सोडा. चोरी केली का नाही ते कोर्ट ठरवील. पण माणूस कुठं आहे हे विचारायला त्याचं निर्दोष असणं लागत नाही.

कुणाला नेलं तर हे करा:

१) आधी विचार करा, नेलं कुणी? वनखात्यानं नेलं असंल तर माणूस ठाण्यात नसून रेंज ऑफिसात असू शकतो. वन कायद्याच्या कलम ६४ नं त्यांना धरता येतं, पण विनाकारण उशीर न करता कोर्टापुढं किंवा ठाण्यात न्यावंच लागतं.

२) ठाण्यात तोंडी विचारून परत येऊ नका. दोन ओळींचा अर्ज द्या: "आमचा माणूस अमुक दिवशी अमुक वेळी नेला, कुठं आहे ते कळवा." पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला टाका.

३) २४ तास झाले की कोर्टात जा, रिमांडची यादी बघा. नाव सापडलं नाही तर गावाच्या नावानं शोधा. आडनावाच्या जागी जात टाकून बघा, बापाचं नाव टाकून बघा. तालुक्याचं सबजेल, नगरचं जिल्हा कारागृह, विसापूर, सगळीकडं विचारा.

४) तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानं आदिवासीला आणि कोठडीतल्या कुणालाही वकील फुकट आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला तर कलम १२ दाखवा. फोन १५१००, पैसे पडत नाहीत.

५) माहितीच्या अधिकारात अर्ज करा. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असंल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, कलम ७(१). अर्जावर हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. दहा रुपयांचं तिकीट लावा. दारिद्र्यरेषेचं कार्ड असंल तर तेही लागत नाही. "खाजगी माहिती" म्हणून नाकारलं तर बायकोची किंवा आईची सही जोडून पुन्हा द्या, वर अपील करा.

६) सातबारा नाही म्हणून गप्प बसू नका. वकिलाला सांगा, जातमुचलक्यावर सोडायचा अर्ज करा. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात १९७८ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गरिबाला झेपणार नाही असा जामीन मागू नये.

७) दिवस मोजा. ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क होतो, पण अर्ज आपण करावा लागतो. पहिल्यांदाच धरलेल्यानं शिक्षेच्या एक तृतीयांश इतके दिवस आत काढले तर कलम ४७९ लागू होतं, मात्र फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकाहून जास्त केसेस असलेल्याला नाही.

आणि सगळ्यात मोठं काम. प्रत्येक ग्रामसभेनं एक वही घालावी. साधी दोनशे पानी वही. आपल्या गावचा कोण, कधी, कुठून, कुणी नेला, केस नंबर काय, वकील कोण, पुढची तारीख कधी. नाव आपण लिहू, म्हणजे बरोबर लिहू. वही बायांच्या गटाकडं ठेवा, कारण जेलच्या दारात उभ्या राहतात त्या बायाच. दर ग्रामसभेत वाचून दाखवा.

आमची मागणी अशी: कलम ३७ ची यादी प्रत्येक ठाण्याबाहेर मराठीत लागली पाहिजे. आपल्या गावचा माणूस धरला की ग्रामसभेला लेखी कळलं पाहिजे. जेलच्या दारात नाव आणि गाव सांगून माणूस सापडला पाहिजे, नंबर मागू नये. आणि वनहक्काचे दावे निकाली काढा, म्हणजे आमच्याकडंही जामीनदार असतील.

ही मागणी घेऊन आम्ही तालुक्यात आणि नगरला अर्ज देणार आहोत. प्रत्येक वाडीनं ठराव करून सह्या-अंगठे पाठवावेत. सायक्लोस्टाईलच्या प्रती थोड्या निघाल्यात. वाचून झालं की घडी करून खिशात ठेवू नका, पुढच्या वाडीला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

राघोजींची नोंद इंग्रजानं ठेवली. आपल्या माणसांची नोंद आता आपण ठेवू.

जल-जंगल-जमीन आमची! नेलेला माणूसही आमचा!
जोहार!