जहाजाचा आकार आणि सुटीचे तास

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. येथील पाणी म्हणजे भंडारदऱ्याचा १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय, राहुरीजवळचे मुळा धरण आणि शेवगाव-नेवासे तालुक्यांना भिडलेला जायकवाडीचा नाथसागर. तरीही गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुटीच्या बेतांत मुंबईहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांचा, म्हणजे ‘क्रूझ’चा, समावेश होऊ लागला आहे, आणि त्याबरोबरच कोणत्या कंपनीचे जहाज चांगले हा वादही उपस्थित झाला आहे. या वादात बहुधा एकच बाजू मांडली जाते: जहाज जितके मोठे, त्यावरील उपाहारगृहे, पोहण्याचे तलाव आणि नाट्यगृहे जितकी अधिक, तितकी सुटी चांगली, म्हणून २०१८ साली सुरू झालेली ‘आंग्रिया’ ही छोटी बोट मागे पडली आणि २०२१ साली आलेल्या ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने तिची जागा घेतली, हा न्यायाचाच निकाल झाला. हे मत वरवर पाहता पटण्याजोगे असले, तरी दोन-तीन दिवसांच्या सुटीच्या संदर्भात ते तपासले असता टिकत नाही, आणि मुंबईच्या बंदरापर्यंत पोचण्यासाठीच ज्याला अडीचशे किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागतो, त्या नगरच्या प्रवाशाच्या बाबतीत तर ते बरेचसे उलटेच ठरते.

प्रथम पूर्वपक्षाच्या ऐतिहासिक पुराव्याचा विचार करू. आंग्रियाचा प्रारंभ ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई बंदरातील व्हिक्टोरिया गोदीलगतच्या नव्या देशांतर्गत क्रूझ स्थानकावरून झाला. जपानमध्ये बांधलेली, सुमारे १३१ मीटर लांबीची ही बोट चारशेच्या आसपास प्रवासी घेऊन दुपारी उशिरा मुंबईहून निघत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याच्या मुरगाव बंदरात लागत असे. तिच्यात सामाईक शयनगृहातील खाटेपासून स्वतंत्र दालनापर्यंत निरनिराळ्या दरांची सोय होती. २०२० साली करोनाची साथ आली, फेऱ्या थांबल्या आणि ती नियमित सेवा पुन्हा उभी राहिली नाही. लहान असल्यामुळे ती बुडीत निघाली असे म्हणणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. एप्रिल २०१९ मध्ये एस्सेल समूहाच्या ‘जलेश क्रूझेस’ने ‘कर्णिका’ नावाचे जहाज मुंबईत आणले होते. ते आंग्रियाच्या जवळजवळ दुप्पट लांबीचे, सुमारे दोन हजार प्रवाशांचे, आणि इटलीतील मोन्फाल्कोने येथे १९९० साली बांधले गेले तेव्हा जगातील नावाजलेल्या जहाजांत गणले गेलेले होते. २०२० सालीच जलेशचा व्यवसाय संपला आणि कर्णिका त्याच वर्षी गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. एकाच वर्षी, एकाच कारणाने, छोटी आणि मोठी दोन्ही थांबली असताना केवळ छोटीच्या थांबण्यातून आकाराचा नियम काढणे हा तर्कदोष आहे. नवेपणाचा मुद्दाही असाच पोकळ आहे, कारण आजचे एम्प्रेसही १९९० सालीच, फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधले गेले आहे; तिघींत वयाने धाकटी होती ती आंग्रियाच.

आकाराच्या चर्चेत ‘ग्रॉस टनेज’ हा शब्द वारंवार येतो आणि तो जहाजाचे वजन दाखवतो असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक ग्रॉस टनेज हे जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे, म्हणजे घनफळाचे माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले असता दरमाणशी किती मोकळी जागा वाट्याला येते याचा अंदाज मिळतो. एम्प्रेसचे ग्रॉस टनेज सुमारे ४८,५०० आहे आणि एका खोलीत दोघे या हिशेबाने सोळाशेच्या आसपास प्रवासी धरले, तर हे प्रमाण तीस येते. कर्णिकाचे सत्तर हजार आणि दोन हजार प्रवासी, म्हणजे पस्तीस. मात्र भारतीय कुटुंबे एका खोलीत तिसरा आणि चौथा बिछाना घालून प्रवास करतात, त्यामुळे सुटीच्या हंगामात हे प्रमाण प्रत्यक्षात पुष्कळ खाली येते, आणि कागदावर ऐसपैस दिसणाऱ्या जहाजावर न्याहारीच्या वेळी रांग लागते. मोठे जहाज म्हणजे मोकळे जहाज, हे समीकरण तेथेच मोडते.

तथापि एम्प्रेसच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो तिचे पुरस्कर्ते सहसा मांडतच नाहीत, आणि खरे तर त्यांच्या सगळ्या युक्तिवादांत तोच सर्वांत सबळ आहे. ‘रॉयल कॅरिबियन’ कंपनीने हे जहाज ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधून घेतले ते मायामीहून बहामा बेटांकडे जाणाऱ्या तीन आणि चार रात्रींच्या फेऱ्यांसाठीच. आठवडाभराच्या प्रवासाचे जुने जहाज थोडक्या दिवसांच्या कामाला लावण्याची तेव्हाची रीत सोडून, छोट्या सुटीची गरज ओळखून त्याची रचना केली गेली. तेव्हा छोट्या सुटीसाठी हे जहाज अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही. आक्षेप जहाजावर नाही. त्या जहाजावर विकल्या जाणाऱ्या एका विशिष्ट फेरीवर आहे.

ती फेरी म्हणजे दोन रात्रींची. शुक्रवारी सायंकाळी मुंबईहून निघायचे, शनिवारभर अरबी समुद्रात फिरायचे आणि रविवारी सकाळी पुन्हा मुंबईच्याच धक्क्याला लागायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. वाटेत कोणतेही बंदर नसते. जाहिरातीत तिला शनिवार-रविवारची सुटी म्हटले जाते, आणि दादर-ठाण्याच्या माणसासाठी ते खरेही आहे. नगरच्या माणसाचा हिशेब निराळा आहे. माळशेज घाटातून कल्याणमार्गे जावे किंवा पुण्यावरून द्रुतगती मार्ग धरावा, मुंबईच्या गोदीपर्यंत सहा तास हाताशी ठेवावे लागतात. प्रवाशांची तपासणी आणि नोंदणी जहाज सुटण्याच्या कित्येक तास आधी बंद होते. शिवाय कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाजाच्या २०१२ सालच्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले असून, संकटकाळी कोठे जमायचे याची रंगीत तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. त्यामुळे नगरकराने शुक्रवारी पहाटेच घर सोडले पाहिजे. रेल्वेचा आधार घ्यावा, तर जिल्ह्यातून मुंबईला जाणारी सर्वांत वेगवान गाडी म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत. पण ती सकाळी मुंबईहून निघून दुपारी शिर्डीला पोचते आणि सायंकाळी परत फिरून रात्री अकराच्या सुमारास मुंबईत येते. साईभक्तांसाठी आखलेले ते वेळापत्रक आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु सायंकाळी सुटणारे जहाज गाठू पाहणाऱ्या नगरकराला ते उपयोगाचे नाही, कारण त्याला आदल्या रात्री मुंबईत पोचून एका मुक्कामाचा खर्च वेगळा सोसावा लागतो. परतीचे सहा तास धरले, तर बारा तास रस्त्यावर आणि सुमारे चाळीस तास जहाजावर, त्यांतील निम्मे अंधारात, आणि अखेर नवे गाव एकही पाहिलेले नाही, अशी ही सुटी होते.

यावर असे उत्तर दिले जाते की जहाज हेच गाव आहे. त्यावरील खाणे, नाटक, संगीत, मुलांचे खेळ यांसाठीच लोक जातात, बंदर हे निमित्त आहे. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि ज्यांना तेच हवे आहे त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र मग तुलना दुसऱ्या जहाजाशी करता कामा नये. लोणावळ्याच्या किंवा भंडारदऱ्याच्या विश्रामस्थळाशी करावी. तेथे हाच खर्च केला तर चांगली खोली मिळते, मोबाइलचा संपर्क बहुधा राहतो, वृद्धांना औषधासाठी परत यावेसे वाटले तर येता येते आणि रंधा धबधबाही जवळ आहे. हा पर्याय कमी झगमगीत आहे, हे निराळे.

दुसरा वारंवार केला जाणारा युक्तिवाद दररात्रीच्या दराचा आहे. एका जहाजाचे भाडे रात्रींनी भागायचे, दुसऱ्याचे तसेच भागायचे आणि ज्याचा आकडा लहान ते स्वस्त म्हणायचे. या पद्धतीत दोन चुका आहेत. जाहिरातीतील भाडे हे साधारणतः एका खोलीत दोघे या हिशेबाने दरमाणशी दिलेले असते आणि त्यावर बंदर-आकार, सेवा-आकार, वस्तू व सेवा कर हे चढतात. मद्य, बंदरावरील सहली आणि कॅसिनो यांचा खर्च आणखी वेगळा असतो. दुसरी चूक याहून मूलभूत आहे. आंग्रियाचे तिकीट हे एका दिशेचे वाहतुकीचे तिकीट होते, म्हणजे त्यात गोव्याला पोचणे अंतर्भूत होते आणि त्याच्यामुळे बसचे, रेल्वेचे किंवा विमानाचे भाडे वाचत होते. परत मुंबईलाच आणून सोडणाऱ्या फेरीच्या भाड्यात असे काहीच वाचत नाही. दोन वेगळ्या वस्तूंचे दर एका तागडीत घालून काढलेला स्वस्ताईचा निष्कर्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

येथे मंडनाची बाजू येते आणि ती मांडताना आंग्रियाच्या चाहत्यांच्या एका लाडक्या विधानालाही सोडून चालणार नाही. ही बोट कोकणचे सारे जलदुर्ग दाखवीत जात असे, असे सांगितले जाते. मुंबई ते मुरगाव हे सागरी अंतर ढोबळमानाने २४० सागरी मैल, म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या आत आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि ताशी एक सागरी मैल या वेगास एक नॉट म्हणतात. सतरा तासांत हे अंतर तोडणारी बोट सरासरी चौदा नॉटने, म्हणजे ताशी सव्वीस किलोमीटरने चालते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चार वाजता निघालेल्या प्रवाशाला मुंबईचे बंदर, खांदेरी-उंदेरी आणि फार तर अलिबागच्या कुलाब्याची दूरची रेघ दिसणार. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही अंधारातच मागे पडणार, आणि उजाडल्यावर वेंगुर्ल्याच्या खालचा किनारा व गोव्याचे आग्वाद तेवढे वाट्याला येणार. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरवणाऱ्या बोटीने त्यांचा विजयदुर्ग मध्यरात्री ओलांडावा, ही विसंगती चाहत्यांनी मान्य केलेली बरी.

असे असूनही आंग्रियाची कल्पना छोट्या सुटीसाठी अधिक योग्य होती, कारण तिने प्रवासाची रात्र आणि मुक्कामाची रात्र एकच केली. प्रवासी झोपेत गोव्याला पोचत असे आणि दुसरा संपूर्ण दिवस त्याच्या हाती राहत असे. ही कल्पना नवी नव्हती. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत जात, रत्नागिरी, मालवण अशा बंदरांसमोर थांबत आणि चाकरमानी पडावांतून, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या होड्यांतून, उतरत. मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ साली पूर्णपणे खुली झालेली कोकण रेल्वे यांच्यामुळे अशा वाहतुकीचे महत्त्व ओसरले. पण रात्रीच्या बोटीची उपयुक्तता रस्त्याने रद्द केली असे नाही, हे त्या महामार्गावर गणपतीच्या आठवड्यात अडकणारा कोणीही सांगेल. आंग्रियाला उणेपणही होते: लहान बोट लाटांवर अधिक डोलते, आणि पावसाळ्यात तर तिचा विचारच नको. परंतु पावसाळा मोठ्यांनाही चुकत नाही. २०२३ च्या जूनमध्ये एम्प्रेसने अरबी समुद्र सोडून चेन्नई-श्रीलंका हा मार्ग धरला होता.

आज आंग्रिया नाही, म्हणून निवड कॉर्डेलियाच्याच दोन फेऱ्यांत उरते, आणि तेथे वरील कसोटी लावली असता तीन रात्रींची मुंबई-गोवा-मुंबई फेरी दोन रात्रींच्या फेरीपेक्षा सर्वार्थाने सरस ठरते. नगरहून जाण्या-येण्याचे बारा तास दोन्हींत सारखेच खर्ची पडतात; एका अधिक रात्रीच्या मोबदल्यात मात्र गोव्याचे बंदर, जमिनीवर उतरण्याचा अवकाश आणि मूळ रचनेला साजेसा कालावधी मिळतो. लहान मुले किंवा गुडघेदुखीने त्रस्त आजी-आजोबा बरोबर असतील, तर सामान एकदाच उघडावे लागते हा लाभही कमी नाही.

शासनाच्या धोरणात मात्र हा विवेक अजून दिसत नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ स्थानकाचे उद्घाटन झाले. महाकाय जहाजांसाठी एवढी सोय होत असताना रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण येथे थांबणाऱ्या रात्रीच्या मध्यम बोटीला त्याच बंदरात एक धक्का राखून ठेवावा, ही मागणी कोकणच्या लोकप्रतिनिधींबरोबर घाटमाथ्यावरील जिल्ह्यांनीही करायला हवी. तोपर्यंत नगरच्या ग्राहकाने दोन रात्रींची फेरी घेऊ नये. तीन रात्रींची घेताना आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी जहाज गोव्याला किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार आणि त्या दरम्यान प्रवाशांना प्रत्यक्ष किती तास बाहेर सोडणार, हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.