परकोटाच्या आतलं लोकेशन

शिकायला म्हणून नव्या शहरात आलात की त्या शहराची पहिली ओळख कोण करून देतं? कॉलेज नाही, महापालिका नाही. खोली दाखवणारा दलाल करून देतो. सिरोंचा, एटापल्ली, गोंडपिपरीहून चंद्रपुरात आलेल्या कित्येकांनी हे शहर आधी त्याच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून पाहिलेलं असतं. शाळेच्या निबंधात चंद्रपूर म्हणजे कोळसा, वीज आणि वाघ. दलालाच्या बोलण्यात मात्र चंद्रपूर म्हणजे गल्ली, ओटा, पाण्याची वेळ, घरमालकाचा स्वभाव आणि बसस्टँडचं अंतर. दोस्तांनो, आज थोडं या माणसाच्या नजरेबद्दल बोलू.

त्याच्याकडे शब्दांचे दोन डबे असतात. पहिला नागपूर रोड, मूल रोड, दाताळा भागातल्या लेआउटसाठी: रोड टच, एनए, क्लिअर टायटल, पूर्वमुखी, फ्युचरमध्ये डबल होणार. दुसरा डबा जुन्या चांद्यासाठी. त्याची सुरुवातच पडेल आवाजात होते, ‘घर जुनं आहे, पण...’ आणि मजा बघा, खरं कौतुक या ‘पण’च्या पुढे येतं. पण दूध, भाजी, दवाखाना, बँक सगळं पायी. पण वरची खोली तापते तशी खालची तापत नाही. पण रात्री दहाला आलात तरी ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतं, पोरीबाळींना भीती नाही. गाडी ठेवायला जागा नाही, पण गाडी लागतेच कुठे?

हे सगळं तो खोली खपवायला बोलतो, हे खरं. पण बोलतो ते खोटं नाही. आणि गंमत म्हणजे जुन्या शहराचं इतकं नेमकं कौतुक आज दुसरं कोणी करतही नाही. म्हणून ते नीट ऐकायला हवं. आणि तो जे सांगत नाही, तेही.

आधी तो काय सांगतो ते पाहू. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी हलवली आणि झरपटच्या काठी हे नगर वसवायला घेतलं. राजाच्या अंगावरची खांडकं झरपटच्या पाण्याने बरी झाली, एका सशाने शिकारी कुत्र्याचा पाठलाग केला आणि त्याच्या धावेवर कोटाची आखणी झाली, अशी आख्यायिका इथल्या घराघरांत सांगितली जाते. कोट पुरा व्हायला मात्र पिढ्या लागल्या. सुमारे ११ किलोमीटर लांबीचा हा परकोट, त्याला चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या: बगड, हनुमान, मसान, विठोबा आणि चोर खिडकी. दोन बाजूंना दोन नद्या, इरई आणि झरपट. आत पाण्यासाठी रामाळा तलाव. अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या, त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधून घेतलेली. दरवाजाबाहेर थोड्याच अंतरावर महाकालीचं मंदिर. चैत्रात तिथे यात्रा भरते तेव्हा पार नांदेडकडचे भाविक येतात.

दलाल हा इतिहास सांगणार नाही, पण त्याच्या ‘सगळं पायी’ या दोन शब्दांमागे हाच इतिहास आहे. भिंतीच्या आत जागा मोजकी, म्हणून घराला घर लागून. घराला घर लागून, म्हणून गल्ल्या अरुंद. गल्ल्या अरुंद, म्हणून दुपारच्या उन्हातही एका बाजूला सावली. ज्या गावात मे महिन्यात पारा ४७ च्या वर जातो तिथे ही सावली चैन नाही, गरज आहे. जाड भिंती, लाकडी माळा, वर कवेलू, मध्ये अंगण, पुढे ओटा: ही घरं कोणी ‘हेरिटेज’ म्हणून बांधली नव्हती. उन्हाशी आणि शेजाऱ्याशी कसं जमवून राहायचं, हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांचं ते उत्तर होतं. आता नव्या लेआउटमध्ये जाऊन बघा. तीस फुटांचा डांबरी रस्ता, सावलीला एक झाड नाही, पावशेर साखर आणायची तर स्कूटी काढा. घर मोठं असतं. पण बाहेर पडून बसावं अशी जागा नसते, मग शेजाऱ्याची ओळख होते ती पार्किंगच्या भांडणातून.

आता तो काय सांगत नाही ते.

पहिली गोष्ट, परकोट हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. दुरुस्तीलाही परवानगी लागते. ज्या शहराला ११ किलोमीटरचं स्मारक कंबरपट्ट्यासारखं गुंडाळलेलं आहे, तिथे या नियमात किती घरं येत असतील याचा अंदाज करा. ‘घ्या, नंतर वर मजला चढवू’ असं सांगणाऱ्याने हा नियम सांगायला हवा.

दुसरी गोष्ट पाणी. इरई चढली की सखल भागात शिरते, जुलै २०२२ मध्ये शहराने ते अनुभवलंय. कुठला प्लॉट पूररेषेच्या आत आहे हे नकाशावर दिसतं, पण उन्हाळ्यात कोरडा खडखडीत प्लॉट दाखवणारा तो नकाशा खिशात घेऊन फिरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. जुनं घर भाड्याने देताना दलाल घराचं कौतुक करतो. तेच घर विकताना त्याच्या हिशेबात घराची किंमत शून्य असते, सगळी किंमत जागेची. घेणाराही घर राहायला घेत नाही, पाडायला घेतो. म्हणजे भाडेकरूला जी सावली, जो ओटा, जी वर्दळ सांगून खोली खपवली, तीच विक्रीच्या दिवशी हिशेबातून बाद. यात दलालाला व्हिलन करू नका. त्याचं कमिशन सौद्यावर आहे, सावलीवर नाही. ओट्यावर बसणाऱ्या आजीमुळे गल्ली सुरक्षित राहते, पण आजीचा उल्लेख ना आखीव पत्रिकेत, ना खरेदीखतात. गल्लीत जे सगळ्यांचं असतं ते एकट्या कुणाला विकता येत नाही, म्हणून त्याची किंमतही कुणी लावत नाही. एकेक घर स्वतःपुरता शहाणपणाचा सौदा करतं आणि वीस वर्षांनी कळतं की गल्लीच गेली.

‘जुनं जपा’ असं म्हणणं पेपरात सोपं असतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. पावसाळ्यात ज्याच्या घरी चार ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात, चार भावांच्या वाटणीत ज्याच्या वाट्याला दीड खोली आलीय, त्याला वाड्याचं सौंदर्य सांगायला गेलात तर तो तुम्हालाच कवेलू फेरायला वर चढवेल. आणि त्याचं बरोबर आहे. आज स्थिती अशी की कायदा त्याला नवं बांधू देत नाही आणि जुनं टिकवायला मदतही करत नाही. मधल्या मधे घर पडायची वाट बघायची, एवढंच त्याच्या हाती उरतं.

वाट निघत नाही असं मात्र नाही. अहमदाबादचं जुनं शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, भारतातलं तसं ते पहिलं शहर. तिथल्या पोळी म्हणजे आपल्यासारख्याच दाटीच्या गल्ल्या. तिथल्या महापालिकेने एक चांगली सोय केली: वारसा घर जपणाऱ्या मालकाला, त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क शहरात दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येतो. म्हणजे घर न पाडताही हातात पैसा. तिथेही सगळं सुरळीत झालंय असं नाही, पण ‘जपलंस तर तोट्यात जाशील’ हे गणित बदलण्याची सुरुवात झाली. चंद्रपूर महापालिकेने आणि पुरातत्त्व खात्याने मिळून एवढं तर नक्कीच करावं: १०० आणि २०० मीटरच्या रेषा घरनिहाय दाखवणारा नकाशा वार्डावार्डात लावावा, साध्या दुरुस्तीची परवानगी कशी आणि किती दिवसांत मिळेल हे एका पानावर मराठीत लिहून द्यावं आणि जुनं घर नीट ठेवणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्यावी. यातलं काहीही फार खर्चाचं नाही.

आणि ‘आपल्याकडे होत नाही’ हे रडगाणं चंद्रपूरकर पोरांनी तरी गाऊ नये. १ मार्च २०१७ ला बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटाची सफाई सुरू केली तेव्हा कोटावर झाडं उगवलेली होती आणि बुरुजांवर कचरा होता. दोनशेहून जास्त दिवस हे काम रोज सकाळी चाललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. पुढे कोटावरून हेरिटेज वॉक सुरू झाले. २०२१ मध्ये रामाळा तलावासाठी धोतरे उपोषणाला बसले, तेव्हा शहराला तलाव पुन्हा आठवला. भिंत तीच होती, तलावही तोच होता. फरक पडला तो पोरांनी हातात फावडं घेतल्यामुळे.

गडचिरोलीच्या वाचकांनो, हे तुम्हालाही लागू आहे, उलट जास्त. तुमचा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. तुमच्या शहराला परकोट नाही, पण इंदिरा गांधी चौकातून चार दिशांना जाणारे रस्ते आहेत आणि त्या रस्त्यांच्या कडेने शेतात खुंट्या रोवल्या जाताहेत. सुरजागड, कोनसरीच्या नावावर प्लॉट विकले जाताहेत. चांद्याला आपली जुनी गल्ली वाचवायचीय, गडचिरोलीला पहिली गल्ली नीट घडवायची संधी आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कागदावर बाग असते आणि प्रत्यक्षात बाभळीचं बन. तुमच्या कॉलनीतली ती जागा कुठे आहे, हे शोधायला एक रविवार पुरे.

आता थोडं कामाचं. खोली घेत असाल तर भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात तो कायद्याने सक्तीचा आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. घरचे प्लॉट किंवा फ्लॅट घेत असतील तर जाहिरातीवरचा महारेरा क्रमांक बघा आणि साइटवर टाकून तपासा. १ मे २०१७ पासून महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पांचे सौदे करणाऱ्या दलालालाही नोंदणी लागते, २०२३ पासून तर त्याला परीक्षाही पास व्हावी लागते. तेव्हा ‘दादा, तुमचा नोंदणी क्रमांक?’ असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही. जो खरा असेल तो चटकन सांगेल. त्याच दमात पूररेषेचं आणि स्मारकाच्या अंतराचंही विचारा.

आणि ज्यांचं घर परकोटाच्या आत आहे, त्यांच्यासाठी एक वेगळं काम. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला असाल तर सबमिशनसाठी नेटवरून बंगल्याचा प्लॅन उतरवण्यापेक्षा आपलाच वाडा टेपने मोजा. ओट्याची उंची किती, भिंतीची जाडी किती, दुपारी दोनला अंगणात तापमान किती आणि गच्चीवर किती. इतिहासाला असाल तर घर कोणी बांधलं, पैसा कुठून आला हे आजोबांना विचारून लिहून ठेवा. कॉमर्सला असाल तर हिशेब मांडा: दुरुस्तीला किती लागेल, खालच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या तर वर्षाला किती येईल. हा कागद घरात असला की बिल्डरचा निरोप येईल तेव्हा बोलणं ‘किती देता?’ यावरच संपणार नाही.

कारण तो निरोप येणार आहे. आज नाही तर दहा वर्षांनी. तोवर आखीव पत्रिकेवर तुमचं नाव चढलेलं असेल आणि सही तुम्हाला करायची असेल. विका किंवा राखा, तो निर्णय तुमचा. पण सहीच्या आधी दलालाने एका भाडेकरूला हेच घर दाखवताना ‘पण’च्या पुढे काय काय सांगितलं होतं, ते एकदा त्याच्याच तोंडून ऐकून घ्या.