पापलेटच्या पिल्लांचा वाटा घेऊ नका, नको असलेला मासा खडकावर टाकू नका

अर्णाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव आणि सगळ्या वसई-विरारमधल्या मच्छीमार बांधवांना, मासळी घेणाऱ्या घरांना आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन किनाऱ्यावर येणाऱ्या हौशी मंडळींना हे कळकळीचं आवाहन आहे.

पावसाळी बंदी संपून बोटी दर्यात गेल्या की डोल जाळ्यात पापलेटची पिल्लं येऊ लागतात. डोल खुंटांना बांधलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून उभी राहते. टोकाला तिचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, इतका बारीक असतो की जवळासुद्धा सुटत नाही. बोंबील, मांदेली, करंदीसाठी लावलेल्या या जाळ्यात पाण्याबरोबर जे येईल ते शिरतं आणि एकमेकांच्या भाराखाली चेंगरतं. जाळं वर ओढेपर्यंत पापलेटचं नाजूक पिल्लू बहुतेक वेळा मेलेलंच असतं. ते परत पाण्यात फेकलं काय किंवा कुट्यात घालून खताला, खाद्याला दिलं काय, दर्याला ते परत मिळत नाही. त्याला वाचवायचं तर जाळं टाकण्याआधीच वाचवावं लागेल. आस मोठा ठेवावा लागेल, आणि पिल्लांचा लोंढा लागला आहे असं दिसलं तर ती जागा काही दिवस सोडावी लागेल.

डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार यांचा हिशेब ज्याला रोज जुळवावा लागतो त्याला हे सांगणं किती जड आहे, याची मला जाणीव आहे. म्हणूनच पहिलं मागणं गिऱ्हाइकाकडे आहे. पिल्लं विकली जातात तोवर ती पकडली जाणार. स्वस्तात मिळतो म्हणून बाजारात आपण जो वाटा उचलतो, त्यातली पिल्लं एकदाही अंडी न घालता मेलेली असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी आग्रह धरला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, बांगडा १४०, सुरमई ३७०. शाळेतल्या मुलांची लहान पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. ती पिशवीत ठेवा. साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा लहान पापलेट दिसलं तर कोळीण मावशींना नम्रपणे सांगा, "मावशी, हे नको, मोठं असेल तेव्हा घेईन." दहा घरांनी असं सांगितलं तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोहोचते.

आता गळवाल्यांसाठी. राजोडी, कळंब, भुईगावचा किनारा असो की खाडीचा काठ, गळाला शिंगाळी, पाकट किंवा केंड लागला की अनेक जण तो सोडवून खडकावर फेकतात आणि पुढचं आमिष लावतात. तो मासा तिथे बराच वेळ तडफडत मरतो. खायला नको म्हणून त्याला असं मरू देण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? शिंगाळीच्या कुळातले नर अंडी तोंडात धरून सांभाळतात आणि तेवढे आठवडे जवळजवळ उपाशी राहतात. १९८० च्या सुमारास मंगळूरकडच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत असे नर अंड्यांसकट मोठ्या संख्येने मारले गेले. पुढे तिथली शिंगाळीची मासेमारी कोसळली.

काट्याची भीती खरी आहे. पाकटाच्या शेपटीचा काटा आणि शिंगाळीचे काटे फार दुखवतात. त्यासाठी जवळ पक्कड आणि ओलं फडकं ठेवा. गळ निघत नसेल तर दोरी तोंडाजवळ कापा आणि मासा पाण्यात सोडा. मेलेली शिंगाळी वाळूत टाकाल तर तिचा काटा अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या पायात जाईल. केंड विषारी असतो, त्यामुळे मेलेला केंड कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागेल असा टाकू नका. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. आपल्या तळ्यांत परदेशी मांगूर किंवा काटेरी पाठीचा सकर मासा लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नका. हे परके मासे आहेत आणि ते इथल्या माशांच्या मुळावर येतात. असा मासा तडफडत न ठेवता डोक्यावर एका जोरदार घावात मारा आणि पुरा.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला तर जाळं कापा, पण त्याला जिवंत सोडा. कापलेल्या जाळ्यासाठी सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ पासून आहे. तिच्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, म्हणून बोटीवरच्या एकाने मोबाइल हातात घ्यावा. जखमी कासव किनाऱ्यावर आढळलं तर त्याला पाण्यात ढकलू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. डहाणूत अशा कासवांवर उपचार होतात.

बंदरांवरच्या सोसायट्यांना आणि जमातींच्या पंचांना हात जोडून विनंती आहे की, हंगामाच्या पहिल्या बैठकीत आसाचा विषय घ्या आणि सगळ्या बोटींना सारखाच लागू होईल असा ठराव करा. एकट्या बोटीने आस वाढवला तर नुकसान तिचंच होईल. आणि इतर सर्वांना विनंती, येत्या रविवारी बाजारात जाताना पट्टी न्यायला विसरू नका.