पुण्याच्या नावाचा मासा

पुणेरी पगडी, पुणेरी जोडा आणि पुणेरी पाटी यांचा अभिमान बाळगणाऱ्या शहराच्या नावाचा एक मासाही आहे, ही गोष्ट पुण्यात फारशी कुणाला ठाऊक नसते. त्याचे शास्त्रीय नाव 'ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस'. थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून तो शास्त्राच्या दफ्तरात नोंदवला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या वेण्णा नदीतल्या त्याच्या एका चुलतभावाचेही त्यांनी बारसे केले. पण त्याला नाव दिले ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एथेलविन ट्रेवावस या विदुषीचे. साताऱ्याचा मान थोडक्यात हुकला म्हणायचा.

मासा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चकाकते ते इथे नाही. हा मार्जारमीनांच्या, म्हणजे मिशावाल्या, बिनखवल्याच्या माशांच्या जातीतला. शिंगाळा ज्यांनी बाजारात पाहिला आहे त्यांनी त्याचे वीतभरही न भरणारे, चपट्या पोटाचे, मातकट रूप कल्पावे. अंगावर तपकिरी, काळपट, पिवळसर ठिपक्यांची आणि पट्ट्यांची अशी गिचमीड, की नदीतल्या शेवाळलेल्या गोट्यांवर ऊन-सावली पडली तर ती अशीच दिसेल. ताम्हिणीच्या बाजूच्या एका ओढ्यात मी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आधी कितीतरी वेळ मी त्याच्याकडेच पाहात होतो आणि मला दगड दिसत होता. मग त्या दगडाला मिशा असल्याचे ध्यानात आले.

पण या माशाची खरी करामत त्याच्या छातीवर आहे. 'ग्लिप्टोथोरॅक्स' या शब्दाचा अर्थच मुळी 'कोरलेल्या छातीचा'. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लिथने १८६० साली या प्रजातीला हे नाव दिले. दोन्ही छातीपरांच्या मधल्या कातडीला निऱ्या घातल्यासारख्या बारीक घड्या असतात. त्या घड्यांवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे चिवट, शिंगासारख्या पदार्थाचे काटे असतात. खळाळत्या पाण्यात मासा दगडाला छाती लावतो आणि या निऱ्यांच्या आधाराने चिकटून राहतो. वरून पाणी धो धो जात असते आणि हा खाली दगडाशेजारच्या किड्यांच्या अळ्या टिपत निवांत पडलेला असतो. निऱ्यांची ठेवण जातीजातीत वेगळी असल्याने मासा ओळखायचा तर शास्त्रज्ञ त्याला उताणा करून पाहतात. होरांनी तरुणपणीच, १९२२ साली, डोंगरी प्रवाहांतल्या माशांच्या शरीररचनेवर एक निबंध लिहिला. पाण्याचा वेग हाच शिल्पकार मानून मासा कसा घडत गेला हे त्यात इतके नेमके मांडले आहे, की आजही या विषयाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

आता या प्रजातीचा मुलूख पाहा. पश्चिमेला तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराणच्या नद्या; मग सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा; खाली गोदावरी, कृष्णा, कावेरी आणि सह्याद्रीतले ओढे; पूर्वेला म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन; आणि शेवट थेट सुमात्रा, बोर्निओ, जावा. शंभराहून अधिक जाती. यातल्या सर्वांत आधी शास्त्राने ओळखलेल्यांपैकी एक म्हणजे 'कूस'. खुद्द लिनियसने १७६६ साली तिची नोंद केली. ती अलेप्पो शहरातून वाहणाऱ्या कुवैक नदीतली. नदीच्या नावावरूनच माशाचे नाव. म्हणजे अलेप्पोपासून जावापर्यंत पसरलेल्या या गोतावळ्यात आपल्या मुठेचा मासा मधोमध बसला आहे. जो मासा दगड सोडून चार हात पोहायला कुरकुरतो, त्याची भावकी अर्ध्या आशियात कशी पांगली?

हाच प्रश्न होरांना आयुष्यभर छळत राहिला. आसाम आणि मलायाकडचे प्रवाही मासे सह्याद्रीत सापडतात आणि मधल्या सपाट मुलखात त्यातले बरेच सापडत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मैदानातल्या संथ, गढूळ नद्या यांना मानवणाऱ्या नाहीत. मग ते आले कोणत्या वाटेने? १९४०च्या दशकात त्यांनी उत्तर मांडले, ते 'सातपुडा सिद्धांत' म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वी केव्हातरी विंध्य-सातपुड्याची रांग अधिक उंच, अधिक ओली, आसामच्या डोंगरांशी जवळजवळ जोडलेली असावी आणि तिच्या प्रवाहांच्या पायऱ्या चढत-उतरत हे मासे सह्याद्रीला येऊन मिळाले असावेत. पुढे या सिद्धांतावर बरीच टीका झाली. सातपुडा तेवढा उंच आणि सलग कधी होता याला भूशास्त्राचा पुरेसा आधार मिळत नाही, हा मुख्य आक्षेप. माझ्या मते तो रास्तच आहे. पण कोडे संपलेले नाही. याच कुळातली 'स्यूडोलगुव्हिया' नावाची पेराएवढ्या, तशाच दगडी रंगाच्या माशांची एक प्रजाती ईशान्य भारत, उत्तर बंगाल आणि म्यानमारचीच समजली जात होती. या शतकात तिची एक जात केरळात निघाली आणि २०१३ साली आणखी एक कर्नाटकातल्या कुमारधारा नदीत. तिला नाव मिळाले 'लॅपिलिकोला', म्हणजे बारीक खड्यांत राहणारी. इतकी वर्षे ती तिथे खड्यांतच होती; पाहणारा तेवढा उशिरा आला.

मासा 'कुठे आढळतो' हे सांगताना पुस्तकात नकाशा देतात आणि त्यावर एक सलग रंगीत डाग असतो. हा डाग फसवा आहे. अख्खी कृष्णा नदी या माशाची नाही. संथ डोह त्याचा नाही, धरणाचा जलाशय नाही, चिखलाचा तळ नाही. जिथे पाणी उथळ आहे, दगडगोट्यांवरून खळाळत जाते, तेवढाच त्याचा देश. नदीच्या लांबीत असे तुकडे किती? डोह, खळाळ, डोह, खळाळ अशी ही माळ असते. त्यातले खळाळ काढून टाकले तरी नकाशावरचा डाग जसाच्या तसा राहतो, नदीही लांबून भरलेली दिसते. मासा मात्र गेलेला असतो.

आपल्याकडे नेमके तेच चालले आहे. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ सालचे. त्यानंतर पानशेत, वरसगाव, टेमघर. मुळेचे पाणी मुळशीला अडले. धरणांच्या उपकाराबद्दल मी कृतघ्न नाही, माझ्याही घरचा नळ तिथूनच येतो. पण धरणाखालच्या नदीला पावसाळा सोडून वाहायला स्वतःचे पाणी उरले नाही आणि जे वाहते ते बव्हंशी आपण वापरून टाकलेले. त्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे: पाणी अडते, गाळ बसतो, गोट्यांमधल्या फटी बुजतात. ओढ्यांची अवस्था याहून अवघड. २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार योजनेने नाला खोलीकरण हा शब्द गावोगाव पोहोचवला. दुष्काळी गावाने पाण्यासाठी धडपडावे यात गैर काय? पण पोकलेनने ओढ्याचा तळ खरवडून काढला की गोटे, खडे, वाळू हे सारे 'गाळ' या एकाच नावाखाली काठावर जाऊन पडते. उरतो तो सरळ कडेचा खंदक. त्यातही पाणी साठते. ओढा मात्र तो राहत नाही. घाटातल्या ओढ्यांत याच्या जोडीला ब्लीचिंग पावडर टाकून केलेली मासेमारी आहे. हवा असतो एखादा मोठा मासा आणि मरतो तो अख्खा ओढा.

पुण्यात नदीसुधाराची मोठी योजना आखली गेली. ४४ किलोमीटर काठांच्या विकासाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. तिच्यावरचा वाद वाचकांना ठाऊक आहे. पूर, झाडे, खर्च या साऱ्यांवर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले आणि ते आवश्यकही होते. पण या सगळ्या चर्चेत नदीला काठ आहेत, पाणी आहे. तळ मात्र जवळजवळ नाहीच. सांडपाणी शुद्ध झाले की नदी सुधारली असे आपण धरून चालतो. समजा, उद्या पाणी अगदी स्वच्छ झाले, पण ते बांधीव काठांमध्ये आरशासारखे थोपवून धरले, तर त्यावर होड्या छान चालतील. ज्या माशाला या शहराचे नाव आहे त्याला मात्र तिथे छाती टेकायला जागा नसेल.

अलेप्पोच्या कुवैकचेही असेच झाले, किंबहुना अधिक. विसाव्या शतकात वरच्या अंगाला, तुर्कस्तानात, शेतीसाठी पाणी काढले गेले आणि शहरातली नदी आटली. पुढे युफ्रेटिसचे पाणी आणून तिच्या पात्रात सोडावे लागले. लिनियसच्या माशाला ज्या नदीने नाव दिले ती अशी उसन्या पाण्यावर आली. मुठेशी हे साम्य मला फार बोचते.

या माशाचा उपयोग काय, असा प्रश्न येणारच. खाण्यासाठी जवळजवळ काहीच नाही, म्हणूनच तर त्याची कोणी विचारपूस करत नाही. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केले. ते ठीकच, तो ताटात येतो. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून मोठमोठे मासे राखले आहेत, भाविक काठावरून त्यांना खाऊ घालतात. पण हे सारे डोहाचे रहिवासी. जो मासा वर येत नाही, दिसत नाही, हाताने टाकलेले खात नाही, त्याला देवही राखीत नाही आणि खातेही. आणि गंमत अशी, की आपल्याच लोकांना एके काळी तो ठाऊक होता. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावे त्याने सरळ लॅटिनमध्ये नेऊन बसवली. शिंगाळ्याचे 'सींघाला' झाले, मळ्याचे 'मुल्ल्या', आणि आपल्या या दगडी माशाच्या एका जातीचे 'लोनाह'. आज जगभरच्या ग्रंथालयांत ते शब्द आहेत. मी नदीकाठच्या काही गावांत 'लोनाह'शी जुळेल असा शब्द कुणाच्या तोंडी आहे का, ते विचारून पाहिले. मला तो कुणी सांगितला नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. पुण्याच्या वरच्या अंगाला मुळा आणि मुठेच्या खोऱ्यात जे थोडे खळाळ शिल्लक आहेत त्यांची मोजणी व्हावी, त्यांच्या जागा नकाशावर याव्यात आणि तिथे बंधारा, खोलीकरण, दगड उचलणे यांना परवानगी मिळू नये. धरणातून नदीसाठी म्हणून थोडे पाणी बारमाही सोडले जावे. सिंचन आणि शहर यांच्या वाटपाच्या बैठकीत तिसरा हिस्सेदार म्हणून नदीचे नाव लिहिले जावे. मोजणीला फार यंत्रसामग्री लागत नाही. शहरात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये पुष्कळ आहेत; जानेवारी-फेब्रुवारीत, पाणी नितळ असते तेव्हा, प्रत्येकाने एकेक खळाळ वाटून घेतला तरी दोन हंगामांत यादी तयार होईल. ती पाटबंधारे खात्याच्या आणि महापालिकेच्या टेबलावर पुढचे अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी पोहोचायला हवी, कारण नदीकामाच्या अंदाजपत्रकात गाळ काढण्याचे कलम असते, गोटे जागच्या जागी ठेवण्याचे नसते.