आपला इतिहास किलोच्या भावाने विकला जातोय

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. परवा आम्ही काही कार्यकर्ते तिथे गेलो होतो. एका पथारीवर चहाच्या जाहिरातीची गंजलेली एनॅमलची पाटी होती. तिच्यासाठी शौकीन मंडळी हजारांत घासाघीस करत होती. शेजारी रद्दीच्या गठ्ठ्यात भीमजयंतीची जुनी पत्रके होती. त्यांवर वस्तीचे नाव, वर्गणीदारांची यादी, जलशाची वेळ असे सगळे छापलेले. भाव किलोचा. चहाची पाटी 'अँटिक' आणि आमच्या आजोबांचे पत्रक रद्दी, हे ठरवले कोणी?

'मनुवाद्यांनी' एवढे म्हणून आपली सुटका नाही. ते पत्रक आपल्याच कुणाच्या तरी घरातून रद्दीत गेले आहे.

दिनकर केळकरांनी याच शहरात अडकित्ते, दिवे, वाद्ये गोळा केली आणि १९६२ मध्ये तो संग्रह सरकारला दिला. घरातली वस्तू हा इतिहास असतो, हे त्यांनी ओळखले. आपण कधी ओळखणार?

आपण नाही जपले, तर दुसरे जपतील, पण त्यांच्या अर्थाने. दिवाणखान्याच्या भिंतीवर हलगी टांगली की ती 'लोककला' होते. कातडे कोणी कमावले, ती वाजवणाऱ्याला गावाने कुठे उभे केले, हे त्या भिंतीवर लिहिलेले नसते. माणूस वगळून वस्तू मिरवणे हीसुद्धा अस्पृश्यताच आहे.

अमेरिकेतल्या जुन्या जाहिराती, डबे, खेळण्यांवर काळ्या माणसांची विटंबना असे. डेव्हिड पिलग्रिम या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने लहानपणी अशी पहिली वस्तू विकत घेतली आणि जमिनीवर आपटून फोडली. पुढे मात्र त्यांनी अशा हजारो वस्तू जमवल्या आणि मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो संग्रहालय उभे केले. अपमानाचाही पुरावा लागतो, हे त्यांना कळले होते.

आपल्याकडे काय झाले? १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला, तेव्हा पुण्याच्या 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. म्हणजे जाहिरातीचा कागद हासुद्धा आपल्या लढ्याचा दस्तऐवज आहे. १९६७ मध्ये दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरातले बाबासाहेबांचे कागद बाहेर काढले गेले आणि पावसात भिजून नासले. जे वाचले, त्यामागे खैरमोडे, वसंत मून यांच्यासारख्यांची आयुष्यभराची मेहनत आहे.

कुणी म्हणेल, ही वस्तुपूजा झाली. नाही. देव्हाऱ्यात ठेवली की पूजा, नोंदीसह ठेवली की पुरावा.

तेव्हा मित्रांनो, या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट आणि एक नोंदवही ठेवा. जलशाच्या वह्या, मोर्चाची पत्रके, गिरणीचे ओळखपत्र, आजीचे जाते, सगळे मागून आणा. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कोणी वापरली, हे आजी-आजोबा हयात असताना विचारून लिहा. कागदाचे फोटो काढा.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जुन्या बाजारात असू. पण त्याआधी आपापल्या घरातला पोटमाळा उघडा. बाजारात पोहोचल्यावर आपल्याच इतिहासाची किंमत दुसरा ठरवतो.

जय भीम!